घामाचा हिशेब आणि उन्हातली शर्यत

पावसाळा सरून शेतातले भात पिवळे पडू लागले की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी होते. एक तापाच्या रुग्णांची, ती दरवर्षीचीच. दुसरी मात्र गेल्या काही वर्षांतली. तिशी-चाळिशीची, सडसडीत, धडधाकट माणसे येतात, टेबलावर एक छापील कागद ठेवतात आणि म्हणतात, "डॉक्टर, जरा सही व्हयी होती. गोव्याक शर्यतीक जातंय." यांत शिक्षक असतात, बँकेतले असतात, ठेकेदार असतात, दोन-तीन गृहिणीही येऊन गेल्या.

ही शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. आधी पोहणे, पाठोपाठ सायकल, पाठोपाठ धावणे, मध्ये विश्रांती नाही. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 'आयर्नमन ७०.३' ही स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी प्रथम झाली. कोरोनामुळे दोन वर्षे खंड पडला. पुढे १३ नोव्हेंबर २०२२, ८ ऑक्टोबर २०२३ आणि २७ ऑक्टोबर २०२४ या दिवशी ती झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल मारायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. आपल्या हिशेबात सांगायचे तर कुडाळहून सायकलने पणजी गाठावी आणि उतरल्या उतरल्या कुडाळ ते सावंतवाडीएवढे अंतर पायांनी पळावे. या सगळ्याची बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल, नावातला आकडा तिथून आला. पूर्ण आयर्नमन याच्या दुप्पट असते. १९७८ साली हवाई बेटांवर पंधरा जणांनी ती प्रथम केली, त्यांतल्या बारा जणांनी पुरी केली आणि पहिल्या आलेल्या गड्याला पावणेबारा तास लागले. आपल्याकडे २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीत झुरिकची पूर्ण स्पर्धा पार पाडली, तेव्हापासून हे नाव घरोघरी गेले.

सही करायला माझी हरकत नसते. रक्तदाब, साखर, छाती, चाळिशीपुढच्यांचा कार्डिओग्राम, एवढे पाहिले की बहुतेकांची प्रकृती माझ्यापेक्षा उत्तम निघते. कागदापुरते काम तिथे संपते. माझी काळजी तिथून सुरू होते, आणि ती हृदयाची नसते, उन्हाची असते. म्हणून आजचा लेख. स्पर्धकांनी वाचावाच, पण त्यांच्याबरोबर जाणाऱ्या बायकोने, भावाने, मित्राने अधिक लक्ष देऊन वाचावा. कारण उन्हाने डोके फिरू लागले की ते ज्याचे त्याला कळत नाही, शेजारच्याला कळते.

शरीर ही मोठी उधळी भट्टी आहे. स्नायू जी शक्ती जाळतात तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा चालना देण्यात जातो, बाकीची सारी उष्णता होते. सत्तर किलोचा माणूस तासाला दहा किलोमीटर वेगाने धावला तर तो तासाभरात सुमारे सातशे कॅलरी जाळतो. त्यांतल्या साडेपाचशे उष्णतेत जातात. ही उष्णता बाहेर पडायला वाटच नसती तर त्याच्या अंगाचे तापमान दर सहा-सात मिनिटांनी एक अंश सेल्सिअसने चढले असते. वीस मिनिटांत चाळीस! तसे होत नाही, कारण घाम येतो. एक लिटर घाम अंगावर सुकला तर तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला एक लिटर घाम सुकला की हिशेब जमला.

मात्र हा घाम सुकावा लागतो, नुसता येऊन चालत नाही. हनुवटीवरून टपकणारा, बुटात साचणारा घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर तो सुकतच नाही. दोरीवरचे कपडे सुकत नाहीत तिथे घाम कसा सुकणार? विदर्भात बेचाळीस अंश असतात म्हणून उष्माघात तिकडचा, आमच्याकडे बत्तीस-तेहेतीस, आम्हांला काय भीती, असे पुष्कळांना वाटते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली. ती धावत नव्हती, काही तास उघड्यावर बसलेली होती, आणि पारा विदर्भाइतका चढलेला नव्हता. दमट हवेतले छत्तीस-अडतीस काय करू शकतात हे तिथे दिसले. धावणाऱ्याला तर तेवढेही लागत नाहीत. त्याची भट्टी आतूनच पेटलेली असते.

आता शर्यतीचा क्रम पाहा. सकाळी सातच्या सुमारास माणूस समुद्रात उतरतो. ऑक्टोबरात आपला समुद्र अठ्ठावीस-एकोणतीस अंशांचा असतो. तो अंगाला फारसा गारवा देत नाही, आणि पाण्यातही घाम येतच असतो, फक्त दिसत नाही. मग सायकल. इथे वारा मदतीला येतो. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर वेगाने जाताना वारा घाम सुकवत जातो, माणसाला वाटते आज प्रकृती झकास आहे, आणि तो जोर लावतो. साधारण स्पर्धक अकरा-साडेअकराला सायकलवरून उतरतो तेव्हा तीन गोष्टी एकदम घडतात. वारा थांबतो, ऊन डोक्यावर आलेले असते आणि सायकलीपेक्षा धावण्यात वारा कमी, उष्णता मात्र भरपूर. माझ्या मते सारी शर्यत या पहिल्या दोन किलोमीटरांत आहे. तिथे जो मुद्दाम हळू धावतो, प्रसंगी चालतो, डोक्यावर पाणी ओततो, तो बहुधा शेवटपर्यंत जातो. घड्याळात आधी ठरवलेला वेग त्या दिवशी विसरावा. साडेआठ तासांची मुदत असते, ती पुष्कळ झाली.

"माका उनाची सवय आसा, मी हयलोच," हे उत्तर मला हमखास ऐकायला मिळते. मी विचारतो, सराव कधी करता? पहाटे पाचला, हायवेवर. बरोबरच आहे, नोकरी आहे, ट्रकची वर्दळ टाळायची आहे. पण मग अकराच्या उन्हाशी त्या शरीराची ओळख होणार कधी? दिवसभर पंख्याखाली बसणारा कुडाळचा कारकून आणि वातानुकूलित कचेरीत बसणारा पुण्याचा इंजिनियर यांत फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. उन्हाची सवय ही जन्माने मिळत नाही, ती करावी लागते. दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास उन्हात व्यायाम केला की शरीर शिकते. पहिल्या आठवड्यातच रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते. पहिले चार दिवस निम्म्या वेगाने, मग हळूहळू. आणि ही शिकवणी दोन-तीन आठवड्यांत विसरलीही जाते, म्हणून ती शर्यतीच्या तोंडावरच घ्यायची. रोज जमत नसेल त्याने निदान शनिवार-रविवार आणि रजेचे दिवस दहाच्या उन्हाला द्यावेत.

खरी सवय पाहायची तर त्याच दिवसांत नेरूर-पावशीच्या मळ्यात जावे. भातकापणी चाललेली असते. साठी उलटलेल्या बाया ऊन चढेपर्यंत वाकून कापत असतात. त्या सकाळी लवकर लागतात, दहाला मिठाची पेज घेतात, टळटळीत दुपारी मांगराच्या सावलीला येतात. त्यांना एक स्वातंत्र्य आहे जे स्पर्धकाने स्वतःहून गमावलेले असते, ते म्हणजे थांबण्याचे.

किती प्यावे?

याचे उत्तर प्रत्येकाने स्वतः काढायचे आहे, आणि त्याला वजनकाट्याखेरीज काही लागत नाही. सरावाआधी लघवी करून, कपडे उतरवून वजन करा. एक तास उन्हात धावा, किती पाणी प्यालात ते मोजा. परत येऊन अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा ६८ किलोचे ६७.२ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यालात, तर घाम गेला १.३ लिटर. हा तुमचा आकडा. मित्राचा घेऊ नका. एकाच गटातल्या दोघांत दुपटीचा फरक मी स्वतः मोजलेला आहे. गेलेले सगळे भरून काढायचे नसते. पोट तासाला तेवढे घेतही नाही, आणि शर्यतीअखेर वजन दोन-तीन टक्के कमी झाले तर निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. बहुतेकांना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरते. तहान लागली की प्यावे, नाही लागली तर बळेच पिऊ नये. २०१५ साली या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानेही हेच सांगितले आहे.

हे वाक्य वाचून काहींच्या भुवया उंचावतील. उन्हात भरपूर पाणी प्या, असे आम्ही डॉक्टरच तर सांगत आलो! शेतात, रस्त्यावर काम करणाऱ्यासाठी ते आजही खरे आहे. पण सात-आठ तास हळूहळू चालणाऱ्या शर्यतीत, दर दोन किलोमीटरवर कोणी पेला पुढे करीत असताना, माणूस गरजेपेक्षा जास्त पिऊ शकतो. मग रक्तातले सोडियम पातळ होते, पेशींत पाणी शिरते आणि मेंदूला सूज येते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यांतल्या तेरा टक्क्यांचे सोडियम प्रमाणाखाली होते, तिघांचे तर जिवावर बेतण्याइतके. त्याच शर्यतीत एक अठ्ठावीस वर्षांची तरुणी याच कारणाने दगावली. धोका कोणाला जास्त? हळू धावणाऱ्यांना, लहान चणीच्यांना आणि म्हणून स्त्रियांना. खूण सोपी आहे. बोटातली अंगठी, मनगटाचे घड्याळ घट्ट होते, पोट डचमळते, मळमळ येते, डोके दुखते, आणि वजन शर्यतीआधीपेक्षा वाढलेले असते. असे झाले की पाणी ताबडतोब बंद. वरून आणखी पाणी पाजणे म्हणजे हाताने विष देणे.

मिठाविषयी थोडे. घामाबरोबर लिटरमागे दीड-दोन ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंतही मीठ जाऊ शकते. ज्यांच्या काळ्या बनियनवर पांढरे नकाशे उमटतात ते जास्त मीठवाले. ओआरएसच्या पाकिटात लिटरला २.६ ग्रॅम मीठ असते, सोबत साखर आणि पोटॅशियम. एक बाटली त्याची आणि एक साध्या पाण्याची ठेवावी. शहाळ्याचे पाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, तेव्हा केवळ शहाळ्यांवर विसंबू नये. आमसुलाच्या सरबतात चिमूटभर मीठ अधिक टाका, बाजारच्या रंगीत बाटलीची आठवण येणार नाही. आदल्या रात्री तिखट मासळीऐवजी मऊ भात, पेज बरी. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो, पण ते असो. एक मात्र पक्के ध्यानात ठेवा, मीठ खाल्ले म्हणून जास्त पाणी प्यायची मुभा मिळत नाही.

पायात गोळे येऊ नयेत म्हणून शर्यतीच्या सकाळी दुखण्याची गोळी घेण्याची एक वाईट चाल पडली आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या शोष पडलेल्या मूत्रपिंडाला इजा करतात, आणि सोडियम घसरण्यालाही मदत करतात. घेऊ नका. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, स्वतःच्या मनाने बंदही करू नका. आणि आधीच्या आठवड्यात ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर त्या वर्षी जाऊच नका. आपल्या जिल्ह्यात हेच दिवस लेप्टोचे आणि डेंग्यूचे. भरलेले पैसे बुडतात याचे वाईट वाटते, मला कळते. पण तापातून नुकत्याच उठलेल्या शरीराची उष्णता फेकण्याची ताकद अर्धीमुर्धी असते, आणि अशांचीच मला जास्त भीती वाटते.

माणूस कोसळला तर

शर्यतीची रेघ ओलांडून कोसळणारा आणि रेघेच्या अलीकडे कोसळणारा, हे दोन निरनिराळे रुग्ण आहेत. रेघेपलीकडे जो पडतो त्याचे बहुधा एवढेच झालेले असते की पाय थांबले, पायांतले रक्त वर ढकलले जाईना, रक्तदाब उतरला. त्याला आडवे करून पाय वर धरा, पाच-दहा मिनिटांत तो बोलू लागतो. अलीकडे, धावता धावता जो लटपटतो, त्याचे मात्र गंभीर समजावे. १८ सप्टेंबर २०१६ रोजी मेक्सिकोतील कोझुमेल येथे, जागतिक मालिकेच्या शेवटच्या शर्यतीत, ब्रिटनचा जॉनी ब्राऊनली पुढे असताना अखेरच्या काहीशे मीटरांत दारू प्यायल्यासारखा झुलू लागला. मागून आलेल्या थोरल्या भावाने, अ‍ॅलिस्टरने, त्याला खांद्याला धरून रेघेपर्यंत नेले आणि आपल्यापुढे ढकलले. जॉनी दुसरा आला, अ‍ॅलिस्टर तिसरा. बंधुप्रेमाचे ते चित्र जगभर गाजले. जॉनीला रुग्णालयात न्यावे लागले आणि तो बरा झाला, हे त्याचे भाग्य. डॉक्टर म्हणून मला त्या चित्रात मेंदू तापलेला माणूस दिसतो. अशाला पुढे न्यायचे नसते, तिथेच थांबवायचे असते.

उष्माघात ओळखायला दोन गोष्टी पुरतात. माणूस उन्हात कष्ट करीत होता, आणि आता त्याचे वागणे बदलले आहे. भलतेच बोलतो, चिडतो, झुलतो, नाव-वार चुकवतो. अंगावर काटा येणे, उन्हात थंडी वाजणे ही त्याआधीची सूचना. अंग कोरडे पडलेले असेल अशी वाट पाहू नका. धावणाऱ्याला उष्माघातातही घाम सुटलेला असतो. काखेतला थर्मामीटर फसवतो. आतले तापमान चाळीसच्या वर गेलेले असते आणि अर्ध्या तासाच्या आत ते एकोणचाळीसच्या खाली आणले तर माणूस जवळजवळ नेहमी वाचतो. तो अर्धा तास गाडीत घालवायचा नाही. आधी गार करा, मग हलवा. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी कामाला लागावे.

दोन वर्षांमागे ऑक्टोबरात माझ्याकडे येणारा एक चौतीस वर्षांचा गडी मालवण रस्त्यावर सराव करीत होता. सत्तर किलोमीटर सायकल झाली आणि साडेअकराला तो धावायला लागला. दोन-तीन किलोमीटरांवर तो झुलू लागला आणि मित्राला आपल्या मेहुण्याच्या नावाने हाका मारू लागला. मित्राने मला फोन केला तेव्हा त्याला गाडीत घालत होते. गाडीत घालू नका, म्हटले. बर्फ कुठे दिसतो का? नशिबाने मासळीचा टेम्पो येत होता. चालकाने विचारपूससुद्धा न करता बर्फाचे दोन क्रेट उतरवून दिले. शेजारच्या घरातून ताडपत्री आली, विहिरीवरचा पंप सुरू झाला. ताडपत्रीच्या मधोमध त्याला निजवले, पाच जणांनी कडा कमरेइतक्या उचलून धरल्या, आत पाणी आणि बर्फ ओतला, आणि झोळी हलवावी तशी हलवत राहिले, म्हणजे अंगालगतचे तापलेले पाणी सरकत राहते. एकाने फक्त डोके आणि तोंड पाण्यावर धरले. बाराव्या-तेराव्या मिनिटाला तो कुडकुडू लागला आणि "ह्यां काय चल्लां?" म्हणून ओरडला. तेव्हा बाहेर काढला आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवला. दोन दिवस लघवी चहाच्या रंगाची होत होती, मूत्रपिंडाचे आकडे थोडे चढले, आठवड्यात उतरले. त्या वर्षीची शर्यत अर्थात राहिली. महिनाभर त्याला मी सायकलला हात लावू दिला नाही.

कोकणात ताडपत्री नाही असे घर नाही आणि मासळीच्या वाटेवर बर्फही मिळतो. थर्मामीटर नसेल तर दहा ते पंधरा मिनिटे किंवा माणूस कुडकुडून शुद्धीवर येईपर्यंत असे गार ठेवावे. बर्फ नसेल तर विहिरीचे पाणी सतत ओतत राहा आणि जोराने वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप त्या गोळीचा नाही, आणि तापलेल्या यकृतावर तिचा भार पडतो. कांदा हातात द्यायला माझी ना नाही, पण तो शोधण्यात कोणी गुंतू नये.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी वैद्यकीय पथक जवळ असते. सरावाला आपण आणि रस्ता. म्हणून लांबच्या सरावाला एकट्याने जाऊ नये. मागून येणाऱ्या गाडीत घडी घातलेली ताडपत्री आणि पाण्याचे दोन कॅन असावेत, बर्फ वाटेत कुठे मिळेल ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर "आधी सलाईन लावा" असा आग्रह नातेवाईक धरतात. आपल्याकडे सलाईनवर फार श्रद्धा. शोष पडलेल्याला ते लागतेही. पण ज्याचे सोडियम पाणी पिऊन उतरले आहे त्याला साधे सलाईन धो-धो चढवले तर तो अधिक बिघडू शकतो. त्याला तीन टक्के मिठाचे, थोडे आणि मोजून द्यावे लागते. दोघेही बरळतात, दोघांनाही उलट्या होतात, बाहेरून दिसायला सारखेच. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा. तो किती तास उन्हात होता, त्याने साधारण किती पाणी प्याले, आणि सकाळी त्याचे वजन किती होते. हे तिसरे उत्तर देता यावे म्हणून शर्यतीच्या पहाटेचे वजन घरच्या माणसाने कागदावर लिहून खिशात ठेवावे.